टाकीच्या तोंडावरचा माणूस

— नाही, नाही, तिकडे नको, इकडे या, अशा समोर. पाठीमागून बोललेलं मला आवडत नाही, माणसाचं तोंड दिसलं पाहिजे. बसा त्या रंगाच्या डब्यावर, रिकामा आहे, कपड्यांना काही लागणार नाही — आणि लागलं तर लागलं, गोदीत आलाच आहात तर काहीतरी निशाणी घेऊन जा. हां. तर काय म्हणत होतात? कामगार सुरक्षेचे नियम पाळतात ते कशामुळे पाळतात. झकास प्रश्न आहे मॅडम. हे विचारत फिरायला तुम्हाला सुरक्षा खात्याकडून पगार मिळतो ना? मिळतो. मग विचारा, माझं काय जातंय, मी इथेच बसलेला असतो, या टाकीच्या तोंडाशी. हे भोक बघितलंत? खांदे चोरून आत उतरावं लागतं. खाली जहाजाच्या पोटातली टाकी, चहूबाजूंनी लोखंड, ना खिडकी ना झरोका, आणि आत आमचा जावई वेल्डिंग करतोय. हवा जाते ती या पंख्याच्या नळीतून. आतली हवा बिघडली ना, तर माणसाला कळतसुद्धा नाही, डुलकी लागल्यासारखा बसतो तो बसतोच. म्हणून वर एक माणूस लागतो. त्याने आत जायचं नाही, हातोडी उचलायची नाही, नुसतं बसायचं आणि आतल्याची खबर ठेवायची. तो मी. लोकांना वाटतं म्हाताऱ्याला फुकटचं स्टूल दिलंय. वाटू दे. ज्याची मुलगी त्या आतल्याच्या घरात आहे, त्याला विचारा फुकटचं आहे का ते.

तुमच्या साहेबांना वाटतं लोक पाट्या वाचून शहाणे होतात. ती बघा भिंतीवरची — बाई, कडेवर मूल, दोघंही दात काढून हसतायत, आणि खाली, घरी कोणीतरी तुमची वाट बघतंय. मी शाळेत गेलो तो पाऊस लागला म्हणून वळचणीला उभा राहिल्यासारखा, अक्षर लावून लावून वाचतो, पण ही पाटी तोंडपाठ झालीये. आमचा एक फिटर रोज तिच्यासमोर उभा राहून हात जोडतो नि म्हणतो, माझ्या घरी सासू वाट बघतेय, पट्टा न लावलेलाच बरा. मग सगळे हसतात आणि पट्टा खांद्यावर टाकून परांचीवर चढतात — खांद्यावर, कमरेला नाही. पाटी लावणारा कचेरीत. उंटावर बसून शेळ्या हाकायच्या त्या त्याने, आणि शेळ्या आम्ही. तरी पाटीचा उपयोग नाही असं नाही म्हणणार मी, दुपारी तिची सावली चांगली पडते.

मग कोणाच्या तरी डोक्यात आलं, बक्षीस ठेवा. ज्या टोळीत महिनाभर कोणाला लागणार नाही, तिला थर्मास. काय झालं असेल सांगा. लागायचं थांबलं? लागायचं कसं थांबेल, लोखंड काय थर्मास बघून मऊ पडतं? सांगायचं थांबलं. आमच्या रंगाऱ्याचा अंगठा दाराच्या फटीत चेंगरला, जांभळासारखा काळा झाला, तर बेट्याने हातमोजा चढवला तो उतरवेचना. जेवतानासुद्धा हातमोजा. टोळीने दम भरला होता, डॉक्टरकडे गेलास तर थर्मास गेला, मग आहेस तू आणि आम्ही आहोत. मिळाला थर्मास. फोटोही काढला, मोठ्या साहेबांनी रंगाऱ्याच्या त्याच हातात दिला — तो विव्हळला, साहेबांना वाटलं गहिवरला. अंगठा वाकडा तो वाकडाच राहिला, आणि थर्मासात चहा गार होतो.

लिहा, लिहा, हे लिहा की. का, हे लिहायचं नाही? बरं. मग फोरमनचं लिहा. माणूस नियम कशावरून ओळखतो? पुस्तकावरून नाही मॅडम, फोरमनच्या पाठीवरून. फोरमनचं तोंड तुमच्याकडे असलं की नियम आहे. पाठ असली की नाही. जहाज पाण्यात सोडायची तारीख लांब असते तेव्हा तो असा तोंड करून उभा, कोणाच्या बुटाची नाडी सुटली तरी ओरडतो. तारीख जवळ आली की हळूहळू वळायला लागतो. शेवटच्या आठवड्यात तर दिवसभर समुद्राकडे बघत असतो, जसा काही समुद्र पळून जाणार आहे. तोंडाने एक शब्द बोलत नाही हो. कधी म्हणाला नाही, पट्टा सोडा, घाई करा. नुसती पाठ. आणि माणसं त्या पाठीवर लिहिलेलं बरोबर वाचतात, त्याला शाळा लागत नाही.

मग चालतं काय? ऐका, चालतं ते सांगतो. डबा. ज्याचा पट्टा कमरेला नाही, गॉगल डोळ्यावर नाही, त्याचा जेवणाचा डबा जातो क्रेनच्या हुकाला. वर आमचा क्रेनवाला आहे, त्याला घार म्हणतात, तो हूक चढवतो पार टोकाला, आणि जेवणाच्या सुट्टीत डबा वर वाऱ्यावर डुलत असतो नि मालक खाली मान वर करून उभा. साहेब लोकांना माहीत नाही — नव्हतं म्हणा, आता होईल, तुम्ही सांगाल. सांगा. एकदा चक्क फोरमनचा डबा चढवला होता, हेल्मेट घातलं नव्हतं म्हणून. काय बोलणार तो? चिडला तर हसं, हसला तर हसं. दुसऱ्या दिवसापासून हेल्मेट घातल्याशिवाय फाटकातून आत आला नाही. मरणाला नाही भीत माणूस. मरण काय, ते दुसऱ्याला येतं. पण चारचौघांत उपाशी उभं राहून आपल्याच डब्याकडे बघायचं — ते लागतं.

आणि दुसरं म्हणजे माझं तोंड. हो, हसू नका. या टाकीत उतरायचं तर आधी माझ्यासमोर उभं राहायचं. मी बूट बघतो, पट्टा ओढून बघतो, आणि काही कमी असलं की त्याच्या बापापासून सुरुवात करतो. एकेकाला असा सोलून काढलाय की तो घरी जाऊन बायकोशी गोड बोलला असेल. धाक लागतो मॅडम. नवीन पोरंसुद्धा माझ्याशी बोलायचं तर आधी वळसा घालून समोर येतात, मागून हाक मारायची कोणाची छाती नाही. घार वरून शिट्टी घालत नाही, हात हलवतो. ही अदब आहे. ही काय तुमच्या थर्मासाने येते?

काय? कानाचं काय? ते बोळे होय, आवाज अडवायला कानात घालायचे. ते मला दाखवू नका. आमच्या वेळी असलं काही नव्हतं, आयुष्यभर प्लेटांवर घण घातले, आम्ही कानात बोटं घालायचो ती फक्त बायको बोलायला लागली की. बिचारी गेली, आता तेही काम उरलं नाही. नाजूक माणसांनी घालावेत ते बोळे. मला काही धाड भरलेली नाही.

काय दाखवताय? भोंगा? झाला भोंगा? — हो, माहीत आहे, माहीत आहे मला. ती माणसं डबे घेऊन निघाली ना, म्हणजे झालाच असणार. तुम्हाला भूक लागली असेल तर जा. नाही? मग बसा. जावई निघेल इतक्यात. तो भोंगा झाला म्हणून हातातलं सोडणारा नाही, जोड पुरा करूनच उठेल. माणूस चांगला आहे. मुलगी दिली तेव्हा मी म्हटलं होतं, याच्या तोंडात जीभ आहे की नाही. तर मुलगी म्हणाली, बाबा, आपल्या घरात एकाला आहे तेवढी पुरे.

ही? ही दोरी. दुसरं टोक त्याच्या पट्ट्याला आहे. हा नवा नियम. पूर्वी आतला माणूस प्लेटेवर हातोडी ठोकायचा, थोड्या थोड्या वेळाने, ठक ठक — म्हणजे मी बरा आहे. वरच्याने उलट ठोकायचं — ऐकलं. बापजाद्यांपासून चालत आलेलं. मग जावईबापू एक दिवस दोरी घेऊन आले, म्हणाले, मामा, वरून नियम आलाय, ठोकायचं बंद, आता दोरी. एक हिसका म्हणजे बरा आहे, हिसक्यावर हिसके म्हणजे ओढा. स्वतःच्या हाताने माझ्या मनगटाला बांधली. म्हटलं असेल, तुम्ही लोक रोज एक नवीन काढता, त्यातलंच एक. काय? — मान काय हलवताय? तुम्ही काढला नाही? तुमच्या खात्याने नाही काढला, मग दुसऱ्या कोणी काढला असेल. नियमाचं पुस्तक तुम्हीच लिहिता? सगळं? आणि त्यात दोरी नाही. ठोकायचंच आहे. नीट आठवून सांगा. — बरं. बरं.

मग त्याने का सांगितलं वरून आलाय म्हणून? थापा मारायची सवय नाही त्याला. आणि तो एकटा नाही हो, दुसऱ्या टाकीत रंगारी उतरला तेव्हा त्यानेही दोरी आणली होती, म्हणाला नवा नियम. म्हणजे दोघांनी मिळून... घार पूर्वी शिट्टी घालायचा. कानठळ्या बसवणारी. कधी बंद केली त्याने? आणि मुलगी हल्ली आधी खांद्याला हात लावते नि मग बोलते. मला वाटलं, माया करते. — म्हणजे सगळ्यांना ठाऊक. सगळ्या गोदीला. आणि मी इथे बसून तुम्हाला अदब सांगतोय. शाबास रे वाघा.

थांबा, बोलू नका. दोरी हललेली नाही. मघापासून हललेली नाही, मी बोलत सुटलो. ओढतो. — नाही. पुन्हा ओढतो. कुठेतरी कडेला अडकलीये, सैल येत नाही. तुम्ही भोकाकडे का बघताय? तुमचं तोंड असं का झालं? वाजतंय? आतून वाजतंय? कधीपासून? भोंगा झाल्यापासून — मग बोलला का नाहीत? हो, नियम लिहिलात तरी कानाने कधी ऐकलाय, तुम्हाला वाटलं काम चाललंय. सारखं वाजत राहिलं की ती हाक असते. पंखा — हात लावा त्या पंख्याला, थरथरतोय का? बंद. बंद आहे ना? भोंग्याला वायरमन सगळी लाईन पाडतो, आणि टाकीत माणूस असला की मी इथून ओरडून त्याला थांबवायचं असतं. ते तांबडं खोकं, तुमच्या मागे, पंख्याची दुसरी लाईन आहे त्यात, दांडा वर करा. वर. जोर लावा. आता परत या, भोकात तोंड घाला आणि ओरडा, वर या म्हणावं. तुम्हीच ओरडा, मी ओरडलो तर त्याचं उत्तर कोण ऐकणार? काय म्हणतोय? बोलतोय ना? इकडे बघून सांगा, माझ्याकडे तोंड करून सांगा. — येतोय. शिडीवर आहे. बरं.

टोपी दिसली. हात द्या त्याला, दोन्ही हात द्या, लाजू नका. या जावईबापू. बसा खाली. बोलू नका, आधी श्वास घ्या, तोंड पांढरंफटक पडलंय. आणि पाणी प्या. मग ही गाठ सोडा माझ्या मनगटाची, मला एका हाताने सुटत नाही. तुम्ही बांधलीत, तुम्हीच सोडा. कशाला बांधलीत? म्हाताऱ्याचं स्टूल जाऊ नये म्हणून. म्हातारा घरी बसला तर भिंतीशी भांडेल म्हणून. माझा मान राखायला स्वतः टाकीत जाऊन बसलात, आणि वर ठेवला कोण, तर मला. मुलीला काय सांगितलं असतं मी? दोरी चांगली होती म्हणून?

लिहा आता मॅडम, विचारत होतात ना. बुटाला, पट्ट्याला, गॉगलला कधी चुकली नाहीत ही पोरं, माझ्या तोंडाला भिऊन आणि हुकावरच्या डब्याला लाजून. आणि सगळ्यात मोठा नियम मोडला तो माझ्या भिडेखातर. भीड भिकेची बहीण म्हणतात, इथे ती मयताची बहीण झाली असती. मुकाट्याने मोडला, सगळ्यांनी मिळून, एकाने चहाडी केली नाही. असली एकी तुम्हाला बक्षीस देऊन जमायची नाही.

आता उठा. कचेरीत जा आणि या जागेवर दुसरा माणूस पाठवा, तरुण असो, म्हातारा असो, शिकलेला असो नसो, त्याचे कान तेवढे तपासून घ्या. तो येईपर्यंत या भोकात कोणी उतरणार नाही, फोरमनने तोंड केलं तरी नाही नि पाठ केली तरी नाही, मी बसलोय. जा म्हटलं ना. उभ्या का? काय सांगताय जावईबापूंना माझ्या पाठीमागे जाऊन? ओठ हलताना दिसत नाहीत मला तिथून. मोठ्याने बोलून उपयोग नाही. मला ऐकू येत नाही.