पुरीले एक खोली

—ना जी सिंधुताई, ते पाहून झालं. तेही झालं. तुमी ज्या हॉटेलचं नाव घ्याल ते मी आठवडाभर ॲपवर पाहूनच राहिली, आता मले पुरीचे सगळे गल्लीबोळ पाठ झाले, न जाता. बसा न, उभ्या कावून — राजदीपच्या आई आत पडल्या आहेत, झोपल्या नाहीत, पण बोलतही नाहीत, ते सांगते नंतर. म्हणजे नाही सांगत, काही नाही तसं. हे पाहा — फोटोत खिडकीतून समुद्र दिसते न? खाली लोकाइनं लिहून ठेवलं आहे, समुद्र बाथरूममधून दिसते, बादली उलटी करून तिच्यावर उभं राहिलं तर. आणि हे दुसरं, स्वस्त दिसलं, मी खूश झाली, मग नावं टाकली तर मोना पाच वर्षांच्या वर आहे म्हणून तिचे पूर्ण पैसे, गादीचे वेगळे, टॅक्स वेगळा — बरं म्हटलं, देऊ, तर वर लाल अक्षरात येते, एकच खोली उरली, तीन जण पाहून राहिले. कोण आहेत हे तीन जण? राजदीप म्हणते, तूच आहेस ते तिघं, तीनदा उघडून ठेवलं तू.

राजदीपसारख्या नवऱ्याचं काय आहे ताई, प्लांटमधून रजा मंजूर झाली, गाडीची तिकिटं कन्फर्म झाली, त्याच्या हिशोबानं सुट्टी झालीच. शुक्रवारी दुर्गवरून बसलो की पोहचल्यावर पाहू, म्हणते. पोहचल्यावर पाहू — नाताळात, अर्धं बंगाल तिथं आलेलं असताना — आईच्या गुडघ्याइले जिना चालत नाही, त्याइले खालचीच खोली पाहिजे, मोनाले गाडीत उलट्या होतात, आणि आमी स्टेशनबाहेर बॅगा घेऊन उभे, ऑटोवाले घेरून राहिले, चलो मैडम, सस्ता दिखाता हूँ. मले माहीत आहे मी जास्त विचार करते. एम.ए. केलं, लायब्ररी सायन्स केलं, आणि उपयोग काय झाला — एका खोलीबद्दल दोनशे लोकाइनं काय लिहिलं ते वाचणे. पण मोनानं समुद्र पाह्यला नाही न ताई. मरोद्याचा तलाव दाखवून दाखवून सांगतलं तिले, याच्यापेक्षा मोठा असते. ती म्हणे, पल्याडचा काठ दिसते का? मी म्हटलं, नाही दिसत. तेव्हापासून शाळेतून आली की तेच, आई, काठ नसल्यावर पाणी थांबते कुठं.

— तुमच्या समाजाच्या पुरीतल्या भवनात? हो, लावला होता न फोन. नंबर तुमीच दिला, सकाळीच लावला. ते — भरलं आहे म्हणे. सुट्ट्या आहेत न. नाही, तुमच्या समाजाचं आहे म्हणून नाही, तुमी तर सांगतलंच होतं, सगळ्याइले देतात. देतच असतील. पहिले तर हो म्हटलं त्यानं — हाँ बहनजी, नीचे का कमरा है, अंग्रेजी टॉयलेट भी है — मले तिथंच रडू आलं, संडासाचं ऐकून कोणाले रडू येते का, मले आलं. मग म्हणे, नाम लिखाइए. लिहवलं. मग म्हणे, किस समाज से हैं? मी म्हटलं, वो भिलाई वाली सिंधुताई हैं न, उन्होंने नंबर दिया है. विचारलं काय, सांगतलं काय, परीक्षेत असं लिहिलं असतं तर शून्य भेटलं असतं. तो म्हणे, वो ठीक है, समाज? आणि तेवढ्यात मोना — मांडीवरच बसली होती, फोनवर बोलायची तिले भारी हौस — तिनं फोन ओढला आणि मोठ्यानं म्हटलं, जय भीम दादाजी.

आवाज म्हातारा वाटला न, म्हणून दादाजी. मोठ्या माणसाले तेच म्हणायचं शिकवलं आमी, तुमालेही म्हणते, तुमी हसता, गालाले हात लावता. तो काही हसला नाही. एक मिनट बहनजी, म्हणे. आणि मिनिटानं, वो कमरा तो अभी-अभी बुक हो गया. ॲपवाले निदान लाल अक्षरात सांगतात तरी.

नाही नाही, असं तोंड करू नका तुमी. झालाही असेल बुक. खरंच. माझा स्वभाव तुमाले माहीत आहे, कोणी हळू आवाजात बोललं तरी मले वाटते, माझ्यावरच बोलून राहिले. त्याच्यापाशी दुसरा फोन असेल, त्याच्यावर कोणी घेतला असेल — मिनिटात होत नाही का? होते. मी स्वतःलेच म्हटलं, साक्षी, प्रत्येक गोष्टीत तेच नको शोधू. ते नाही टोचलं मले. टोचलं ते — जाऊ द्या. मोनाले मी म्हटलं, बेटा, अनोळखी माणसाले फोनवर नमस्ते म्हणायचं. बस, एवढंच. रागावली नाही. ती म्हणे, कावून, मी चुकली का? मी म्हटलं, चुकली नाही, पण नमस्ते म्हण. आणि आई मागं उभ्या. त्याइनं ऐकलं. आता त्या बाईचं पाहा, जन्मभर दरसाल दीक्षाभूमीले जाते, लाखो माणसं, मांडवात पथारी टाकायची, कोणी विचारत नाही तू कोण, कुठली — उलट कोणी आपली चादर सरकवून म्हणते, ये माय, इथं टेक. त्याइच्या घरात, त्याइच्या नातीले मी हे शिकवून राहिली. मले म्हणे, समुद्र पाहाले चालली का नाव लपवाले? तेवढंच बोलल्या. दुपारी जेवल्याही नाहीत.

— अवो, कोणाले लावून राहिल्या? ताई, नको न. नका लावू, माझ्यापायी तुमचं त्याच्याशी उगाच —

आहे म्हणते?

खालचीच? शनिवारपासून. म्हणजे सकाळचीच ती. नाही, काही नाही, ऐकून राहिली मी. बरं झालं, माझ्या मनाचे खेळ नव्हते, एवढं तरी कळलं. हो, हो, चांगलंच आहे, मोना नाचेल. बोला तुमी. काय — भाची? तुमची भाची सांगतलं मले? ताई, तुमी भाजीवाल्याशीही खोटं बोलत नाही, माझ्यासाठी बोलल्या. रडून नाही राहिली, हसून राहिली मी. फोनवर हात ठेवा न पहिले, ऐकू जाईल त्याले. हं. नाव तुमचंच लिहितील, कार्ड पाहत नाहीत. हं. आई तशाही कमीच बोलतात. हं. आणि मोनाले —

मोनाले काय समजवू, ताई?

नाही, तुमी वाईट मनानं नाही म्हटलं, मले माहीत आहे. दोन दिवसांचीच गोष्ट आहे, खरं आहे. मी तर सकाळी स्वतःच सांगतलं तिले, तुमी आता म्हणून राहिल्या, तेही माझ्यापेक्षा प्रेमानं. ऐकेल ती. तिले एकदा सांगतलं की ती विसरत नाही, तेच तर.

तो फोनवर आहे का अजून? सांगा त्याले, नको म्हणून. कावून ते विचारलं तर —

नाही. ते नाही विचारणार तो. ठेवा, ताई.