विरजणाची माती

मंडळी, कान जरा इकडे द्या. आपण ज्याला घाण म्हणून धुऊन काढतो, ती घाणच असते कशावरून?

ऐका! कोकणातलं एक गाव. वैद्यबुवांच्या कुंपणाशी सर्पगंधेचं झुडूप, त्यांच्या गुरूंनी दिलेलं. बुवा गेले डोळ्याच्या ऑपरेशनला — आणि इकडे रस्ता रुंद करायला जेसीबी दारात! घरात त्यांच्या पत्नी, सुमतीकाकू, एकट्याच. झुडूप काढून कुंडीत हलवायलाच हवं.

आणि काकू तर पाणीसुद्धा धुऊन पिणाऱ्या! कुंडी तुळशीशेजारी ठेवायची म्हणून मुळं खळखळून धुतली. कुंडीतली माती चाळून, कढईत भाजून घेतली. जंतू नकोत ना!

दुसऱ्या दिवशी पानांनी मान टाकली. पाणी घातलं, तर आणखीच. काकू कुंडीभोवती घिरट्या घालू लागल्या. बुवा येऊन विचारणार, "माझं झाड कसं आहे?" काय सांगू — गुरूंची ठेव मी मारली?

त्यांनी कुंडीतली माती नाकाशी नेली. वासच नाही! भाजल्या रव्याला तरी असतो हो. कुंपणाजवळच्या मातीला मात्र कसा ओला, उग्र वास यायचा.

अहो, झाड आपल्या कमाईतला गोड वाटा मुळांतून मातीत सोडतं. त्यावर जंतू जगतात — तेही वाटेल ते नव्हेत, मुळाला मानवणारेच तिथं जास्त जमतात. ते मुळाला खाऊपिऊ घालतात, रोगाला आवर घालतात. जंतू म्हटलं की नाक मुरडता? मग घरातलं दही कोण लावतं — तुम्ही?

काकूंना शास्त्र ठाऊक नव्हतं, विरजण ठाऊक होतं. घमेलं घेऊन धावल्या. जुन्या जागी खडी पडायला लागलेली!

"थांब रे बाबा," म्हणत सोवळ्यातल्या काकू खड्ड्यात उतरल्या.

"काकू, माती चांगली देतो की दुसरी," ड्रायव्हर म्हणाला.

"हीच हवी. हिच्यात त्याची मुळं होती."

ती माती त्यांनी मुळांशी घातली. संध्याकाळी बुवा आले, एका डोळ्यावर पट्टी, दुसऱ्यानं मुळातच अंधुक.

"माझं झाड?"

काकूंनी हात धरून कुंडीशी नेलं. पानं तशीच मलूल. बुवांनी मातीत बोट खुपसलं, हुंगलं.

"जुनी माती आणलीस होय? मग धरेल गं. घाबरू नकोस."

काकूंना रडूच फुटलं.

आता तुमच्याकडे येतो. म्हाताऱ्या बापाला गावाहून चकचकीत फ्लॅटमध्ये आणता, आणि मला सांगता, "महाराज, सगळं दिलं तरी बाबा जेवत नाहीत." अहो, मुळं धुऊन आणलीत की! पारावर रोज त्यांच्याशी भांडणारा तो दुसरा म्हातारा — त्याचा फोन नंबर तरी आणलात का? देवाचं नाव घेऊ, घेऊच. आधी सांगा, आणलात का?