बाहेरून आत

ठेवा ती स्पीकरची पेटी खाली, बाई. तसं नको — पिशवीसकट ठेवा, दव आहे, ओली झाली की खरखरते. हात बघू. लाल झालाय ना? होणारच, त्या खाजऱ्या झुडपात कोपरापर्यंत हात घातलात, तोही सकाळी सहाला, मोज्यांशिवाय बूट चढवून — गडग्यापाशी ती रुंद पानं आहेत ना, ती तोडा आणि चोळा, जरा थुंकी लावून, लाजू नका, इथे सगळे तेच करतात. कुत्रं? हं. म्हणजे कुत्र्याने घात केला. शुक्रवारी पक्ष्याचा आवाज सुरू झाल्यावर बाराव्या मिनिटाला तीनदा भुंकलं, शनिवारी बाराव्या मिनिटाला तीनदा, काल सोमवारी परत तेच, आणि माझ्या, या फिन्लेच्या, घरात तर कुत्रं नाही, शेजारच्या डॉनल्ड जॉनकडे आहे ते म्हातारं, बहिरं, भुंकायचं विसरलेलं. घड्याळ लावून बसला होतात की काय तुम्ही? — नाही, नाही, चूक माझीच, हेरफर्डहून पियानो सुरात लावणारी बाई येतेय म्हटल्यावर मीच सावध व्हायला हवं होतं. चार उन्हाळे, बाई. पक्षी-प्राणी बघायला दर आठवड्याला सहा पाहुणे. एकदा तर पक्ष्यांवर जाडजूड पुस्तकं लिहिलेला माणूस आला होता, या गडग्यावर बसून त्याने डोळे पुसले, म्हणाला, फिन्ले, लहानपणी आजोबांच्या शेतात हा पक्षी ऐकला होता, त्यानंतर आज. मी त्याला रुमाल दिला. दुसरं काय देणार?

फसवणूक म्हणा, हरकत नाही, मीही तेच म्हणतो. पण मला सांगा, एवढ्या लांब तुम्ही कशासाठी आलात? पाणमांजर दाखवलं, समुद्री गरुड दाखवला — गरुडाचं काय, तो ठरल्या खडकावर बसलेला असतो, दुर्बीण लावली की झालं, सील तर धक्क्यावर येऊन लोळतात — पण सगळ्यांना हवा असतो तो कॉर्नक्रेक, गवतात लपणारा पक्षी. दिसायचा नाही हे माहीत असतं, गवताबाहेर पाऊल टाकत नाही तो, नुसता ऐकायचा, कंगव्यावर नख ओढावं तसला आवाज, क्रेक्स-क्रेक्स, क्रेक्स-क्रेक्स. अर्धा तास ऐकवायचा आणि म्हणायचं, चला, चिलटं चावायला लागली. मग मी यादी वाचतो, आज काय काय मिळालं, आणि तुम्ही सगळे पेन घेऊन कसे शाळेतल्या पोरांसारखे बसता — तुम्हीही बसलात, मी पाहिलंय — पाणमांजर? पाहिलं. गरुड? पाहिला. कॉर्नक्रेक? ऐकला. त्या ‘ऐकला’ला काय चेहरे होतात लोकांचे. तेवढं एक ‘ऐकला’ मी देत होतो. पोटासाठी. असं मी स्वतःला सांगत होतो बरं का, पोटासाठी, आणि बराच काळ ते पुरलंही.

रविवारचं विचारताय? रविवारी लावत नाही. आमच्या बेटावर रविवारी दोरीवर कपडे वाळत घातले तरी माणसं वळून बघतात, तिथे मी पेटीतून पक्षी वाजवू? हसा, हसा. सहा दिवस खोटं बोलायचं आणि सातव्या दिवशी देवाला भिऊन गप्प बसायचं. पाहुण्यांना सांगतो, आमचा पक्षी धार्मिक आहे, आणि सगळे खूश. — काय म्हणालात? परत म्हणा. रविवारी ऐकलात? तुमच्या खिडकीतून? कुत्र्याशिवाय? … बरोबर आहे. उगाच कशाला नाही म्हणू. तो पेटीतला नव्हता. नऊ दिवस झाले त्याला येऊन, तिकडे डॉनल्ड जॉनच्या चरापलीकडे, पिवळ्या आयरिसच्या फुलझाडांत बसतो. आफ्रिकेतून उडत आलाय, एवढासा जीव, कोंबडीच्या पिल्लाहून थोडा मोठा. आत्ताही बोलतोय बघा — थांबा, वारा पडू दे — हां. ऐकलंत? तुमच्या कानाला फरक लगेच कळत असेल. याच्या आवाजाला धार आहे. चार वर्षांत बेटावर आलेला पहिला.

आणि पेटीतला कुठला म्हणजे? याच कुरणातला. तुम्ही झोपता ना, ती खोली शीनाची. माझी बायको. त्या खिडकीत फोन धरून तिने भरून घेतलाय तो, आमच्या उनासाठी — मुलगी आमची, कॅनडात असते — चाळीस मिनिटं धरून बसली होती, हात भरून येईपर्यंत. खाली फ्लाय, आमचा कुत्रा, भुंकला, तोही आला त्यात. मी शेजारी पलंगावर, खिडकी लाव, थंडी येतेय म्हणून कुरकुरत. पुढच्या जानेवारीत फ्लाय गेला, मार्चमध्ये शीनाचं दुखणं निघालं, मेमध्ये डॉक्टरांनी हात टेकले आणि मी तिला ओबानच्या इस्पितळातून बोटीने घरी आणली, तिला घरीच यायचं होतं. त्याच आठवड्यात पक्षी आला, नेमका खिडकीखाली बसला, आणि रात्रभर क्रेक्स-क्रेक्स. तुम्हा लोकांना अर्धा तास गोड वाटतो तो. इथे जन्मलेल्यांना विचारा, माझा बाप खिडकीतून बूट फेकायचा. तिचं औषध चार तास पुरायचं नाही, जरा डोळा लागला की हा सुरू. एका पहाटे ती म्हणाली, फिन्ले, त्याला गप्प कर रे. एकदाच म्हणाली. पुन्हा कधी नाही.

तुम्हाला गवत कसं कापतात ठाऊक आहे? कुरणाच्या मधोमध सुरू करायचं आणि कापत कापत बाहेर यायचं, म्हणजे पक्षी उभ्या गवतातून सरकत कडेला जातो आणि सुटतो. बाहेरून आत कापलं तर तो मोकळ्यावर येत नाही, भितो, तुमच्या प्रत्येक फेरीबरोबर आत आत सरकत जातो, आणि शेवटी मधे गवताची एक पट्टी उरते आणि सगळं त्या पट्टीत असतं. हे मी शिकवलंय, बाई, या बेटाला. घरोघरी जाऊन, कागद वाटून, ऑगस्टच्या आधी यंत्र काढू नका, आतून बाहेर कापा. डॉनल्ड जॉनशी तर त्यावरून मी वर्षभर बोलत नव्हतो. आणि जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात, एका गुरुवारी, मी ट्रॅक्टर काढला. शुक्रवारी पाऊस सांगितलाय, गवत भिजेल, असं म्हणत काढला. बाहेरून आत. डॉनल्ड जॉन त्याच्या फाटकाशी उभा होता, त्याने हात वर केला, मी थांबलो, तर एवढंच म्हणाला, उलटं कापतोयस तू. मी म्हटलं, माहीत आहे. तो घरात निघून गेला. शेवटची पट्टी या गडग्याएवढी रुंद राहिली होती आणि वारा नसताना हलत होती. तो होता, मादी होती, काळी पिल्लं होती अक्रोडाएवढी. मला थांबता आलं असतं. खाली उतरून हाकलता आलं असतं, दोन मिनिटांचं काम. मी नाही थांबलो. त्या रात्री बेट असं गप्प झालं की स्वयंपाकघरातलं घड्याळ वरच्या खोलीत ऐकू यायला लागलं.

आणि शीना जागी. आदल्या रात्रींपेक्षा जास्त जागी. पहाटे विचारते, फिन्ले, तो कुठे गेला? मी म्हटलं, तूच म्हणालीस ना गप्प कर. तर म्हणाली, अरे, दुखत असलं की माणूस काहीही बोलतं, तो बोलत असला की मला कळायचं कोणीतरी जागं आहे. — आता सांगा, काय करायचं मी? पलंगावरून कुरण दिसत नाही, आभाळच दिसतं, तुम्ही बघितलंय. तिला सांगितलं, चरापलीकडे गेलाय, येईल परत. दुसऱ्या दिवशी तिच्या फोनमधलं ते या पेटीत घातलं — उनाने आणलेली पेटी, स्वयंपाकघरात गाणी लावायची — आणि पावाच्या पिशवीत गुंडाळून इथे ठेवली. रात्री वाजवली. ती ऐकत राहिली, मग म्हणाली, आला वाटतं. आणि बाराव्या मिनिटाला म्हणाली, फ्लाय भुंकतोय. मला वाटलं, औषधाची गुंगी आहे. तसं वाटणं मला सोयीचं होतं म्हणून वाटलं. अकरा रात्री वाजवली, चाळिसावं मिनिट यायच्या आत खाली धावत येऊन बंद करायचो, कारण शेवटी तिचाच आवाज आहे. बाराव्या रात्री मला खुर्चीतच झोप लागली. जाग आली ती तिच्या आवाजाने, खालून, या झुडपातून, अगदी ठणठणीत — उना, ऐकलंस ना? आता खिडकी लावते गं, तुझ्या बापाला थंडी वाजतेय. मी डोळे उघडले तर ती छताकडे बघत होती. म्हणाली, किती खुशीत होती ती बाई. बस. त्यानंतर त्या विषयावर एक शब्द नाही, ना पक्ष्यावर, ना कुरणावर. तीन दिवसांनी गेली. तिला पहिल्या रात्रीपासून कळलं होतं का, मी काय केलं ते कळलं होतं का, आणि कळूनही मला बोलली नाही का — हे मी आता कोणाला विचारू?

पुढच्या उन्हाळ्यात मी एकट्यासाठीच लावली होती, खरं सांगतो. पाहुण्यांनी गडग्यावरून ऐकली आणि नाचायलाच लागले, मी तोंड उघडलं नाही, आणि मग ते चालूच राहिलं. — हो, माहीत आहे मला. तुम्ही ते बोलणारच. नवा आलेला नर ऐकतो, इथे आधीच कोणीतरी ठाण मांडून बसलाय म्हणून, आणि पुढे निघून जातो. म्हणून तर अशी पेटी वाजवणं गुन्हा आहे. चार वर्षं मी समुद्रावरून येणाऱ्या प्रत्येकाला ओरडून सांगतोय की कुरण भरलंय. रविवारी पेटी बंद होती तर हा थेट गडग्यापर्यंत आला, तुम्ही वरून ऐकलात, मी स्वयंपाकघरात उभा राहून ऐकला, दिवा न लावता. सोमवारी परत चरापलीकडे. आठवड्याभरात मादी मिळाली नाही की जाईल. एक बटण आहे, बाई. एक बटण बंद करायचं, नऊ दिवस मी ठरवतोय. तुम्ही लोक झोपलात की परत इथे येतो, पहिल्यापासून लावून चाळीस मिनिटं उभा राहतो, चिलटं तोडून खातात, आणि तिने खिडकी लावली की मग घरी जातो. घरात बसून ऐका म्हणता? करून बघितलंय. घरात ऐकलं की ती पेटीत असते. इथून, खालून, खिडकीकडे बघत ऐकलं की ती वर असते.

तर आज यादी वाचताना मी विचारीन, कॉर्नक्रेक? तुम्ही ऐकला म्हणा, तुमच्यापुरतं खोटं होणार नाही, खरा ऐकलाय तुम्ही. बाकीच्यांना सांगायचं असेल तर तेही सांगा, मी मधे पडणार नाही. आणि मी बंद करतो. आजपासून नाही वाजवणार. मान हलवू नका, नाही म्हणजे नाही. फक्त एकदा, तेवढं शेवटचं ऐकून ठेवतो, तुम्ही समोर असताना — तुमचा कान तयार आहे, तुम्ही सांगा मला, त्या आवाजात तेव्हाच काही दुखत होतं का तिचं. मी त्या रात्री नुसता थंडीवरून कुरकुरत होतो, माझं लक्ष नव्हतं. द्या इकडे. याला पुढे सरकवता येत नाही, पहिल्यापासूनच लागतं, चाळीस मिनिटं थांबावं लागेल तुम्हाला — हे बघा, लागलं.

थांबा जरा. — नाही, पेटीतला नव्हे. तिकडचा. चरापलीकडचा. आत्ता बोलत होता ना तो? आपण बोलत होतो तेव्हा सगळा वेळ बोलत होता.

बंद केलीय मी. केलीय बंद, बघा, दिवा विझलाय.

तरी नाही बोलत तो.

लापशी चुलीवर आहे, करपायच्या आत उतरवा. गाडी नऊला निघेल. जा तुम्ही.