सासरे म्हणाले, गाडी आडवी करा

...आणि वर म्हणतात कसे, "आडवी करा." अहो, दोनशे किलोची मोटारसायकल, आणि आडवी करा म्हणे. तुम्हाला सांगतो, माणसाला सासरा असावा, पण तो पुण्यात असावा, आपण इकडे डच मुलखात लायडस्खेनडामला असावं, आणि मध्ये भरपूर समुद्र असावा. विनायकचं नशीब बघा, सासरा समुद्र ओलांडून आला. व्हिसा तीन महिन्यांचा, तिकीट सुदैवानं महिन्याचंच, पण आल्या दिवसापासून म्हाताऱ्याला जावयात एकच गोष्ट दिसायला लागली... की हा घरी असतो.

घरी असतो, खरंय. बायको मृदुला झुइडासला, म्हणजे इथल्या बड्या ऑफिसांच्या भागात, बँकेत मोठ्या हुद्द्यावर, हा तिच्या मागोमाग डिपेंडंट म्हणून आलेला. चार वर्षं झाली, पोळ्या लाटतो, कपडे वाळत घालतो, नोकरीचे अर्ज करतो आणि नकाराच्या मेल वाचतो. सासरे, म्हणजे मनोहरराव, जेवताना म्हणायचे, "पोळी फार मऊ झालीय हो, विनायकराव. आमच्याकडे स्वयंपाकाला बाई होत्या, त्यांची आठवण झाली." त्यानं अजून एक पोळी वाढली.

अशात मास्ट्रिख्टहून मुलाखतीचं बोलावणं आलं. समोरासमोर, आणि शेवटचे दोघंच उरलेले, हा आणि दुसरा कोणीतरी. चार वर्षांत इतक्या जवळ तो कधी पोचला नव्हता हो, रात्रभर पठ्ठ्या आरशासमोर डच बोलत होता. आणि नेमका त्याच दिवशी रेल्वेवाल्यांचा संप. मृदुला ऑफिसातल्या कोणाच्या तरी कारमधून निघून गेली, जाता जाता म्हणाली, "विनायक, प्लीज, या वेळी तरी घोळ घालू नकोस." या वेळी तरी... ऐकलंत ना? पण विनायक निर्धास्त, कारण त्याच्याकडे मोटारसायकल होती. सेकंडहँड, जपानी, रविवारी मराठी मंडळाच्या पोरांना गणित शिकवून, त्या पैशांतून घेतलेली. अख्ख्या घरात त्याच्या नावावर असलेली ती एकच वस्तू.

आता काय झालं ते तुम्हाला आधीच सांगून टाकतो, कारण त्या दोघांना ते शेवटपर्यंत दिसलं नाही. मनोहरराव पहाटे उठले, शुभकार्याला गाडी निघणार म्हणून तिला हळदकुंकू लावलं. दिव्याला लावलं, टाकीला लावलं, हँडलला लावलं, आणि हँडलच्या उजव्या बाजूला ते इंजिन बंद करायचं लाल बटण असतं ना, त्याला कुंकू लावताना अंगठ्यानं ते दाबलं. झालं, रोग एवढाच. लाल बटणावर लाल कुंकू, कोणाच्या बापाला दिसणार? आणि पुण्यात निम्मं आयुष्य गाडी चालवून त्या बटणाला कधी कोणी हात लावलाय का, सांगा बरं.

विनायक ब्लेझर घालून खाली आला. किल्ली फिरवली, दिवे लागले, स्टार्टर दाबला... आणि काही नाही. पुन्हा दाबला, काही नाही. मनोहरराव शाल गुंडाळून शेजारी उभेच. "किक मारा."

"किक नसते हिला, बाबा."

"किक नाही? मग ही गाडी कसली?" म्हातारा टाकीचं झाकण उघडायला लावून आत फुंकर मारू लागला. हो, फुंकर, टाकीत. मग गाडी हलवून कान लावला. मग म्हणाला, "प्लग काढून पुसा." विनायक म्हणाला, प्लग टाकीखाली असतो, हत्यारं नाहीत माझ्याकडे. "हत्यारं नाहीत," म्हातारा स्वतःशीच म्हणाला, पण समोरच्या घरात ऐकू जाईल असं. "मग एकच उपाय. आडवी करा. तीस वर्षं स्कूटर चालवली मी. बंद पडली की आडवी करायची, पेट्रोल उतरतं, की चालू."

"बाबा, ती स्कूटर होती. ही फ्युएल इंजेक्शनची गाडी आहे, हिचं तसं नसतं."

"इंजेक्शन असो नाहीतर सलाईन. आडवी करा."

विनायकनं मोबाइलवर व्हिडिओ बघितले. बॅटरी म्हणावी तर दिवे लख्ख. पेट्रोल म्हणावं तर टाकी भरलेली. घड्याळ पुढे चाललेलं, मास्ट्रिख्ट तिथेच, दोनशे किलोमीटरवर. आणि म्हातारा मागून, आडवी करा, आडवी करा... तरी विनायक बधला नसता. पण मनोहररावांनी खिशातून फोन काढला आणि म्हणाले, "तुम्हाला जमत नसेल तर मृदुलाला विचारतो. तिला कळतं यातलं." मृदुलाला सायकलची हवा भरता येत नाही हो, पण विनायकनं दोन्ही हातांनी हँडल धरलं आणि गाडी कलती केली.

आता विटांचा रस्ता, त्यावर रात्रीचा पाऊस, पायात मुलाखतीचे गुळगुळीत बूट. गाडी जी गेली ती सरळ आडवीच गेली, आणि विनायकचा डावा पाय खाली.

"छान," मनोहरराव म्हणाले. "आता राहू द्या अशीच थोडा वेळ."

"बाबा... माझा पाय..."

"हलू नका. पेट्रोल उतरतंय."

आणि तेवढ्यात मृदुलाचा व्हिडिओ कॉल, निघाला का म्हणून. म्हाताऱ्यानं अभिमानानं कॅमेरा खाली केला. "बघ, दोघं मिळून दुरुस्त करतोय. विनायकराव खाली शिरलेत." आणि मृदुला काय म्हणावी? "अरे वा, विनायक, हात काळे करतोयस, छान वाटलं बघून." चार वर्षांत बायको पहिल्यांदा छान म्हणाली, आणि हा गाडीखाली ओठ चावत पडलेला. त्याला रडू आलं, आणि ते तिला हसू वाटलं.

शेवटी शेजारची हेन्नी कुत्र्याला फिरवून परत आली. सत्तरीची बाई, तरुणपणी मोटारसायकलवर नॉर्वे फिरून आलेली. कुत्रा मनोहररावांच्या हातात दिला, गाडीला पाठ लावली आणि पायांच्या जोरावर उभी केली. हँडलकडे बघितलं, बोटानं कुंकू पुसलं, लाल बटण परत चालू बाजूला केलं, किल्ली एकदा बंद करून चालू केली, स्टार्टर दाबला. गाडी पहिल्या झटक्यात सुरू. हेन्नी म्हणाली, "बटण बंद होतं, बाकी काही नाही." इंग्रजीत, स्वच्छ शब्दांत.

गाडीचा आवाज ऐकून धावत आलेल्या माझ्यासारख्या चार शेजाऱ्यांकडे बघून मनोहरराव म्हणाले, "बघितलंत? आडवी केली, झाली चालू."

पाय दोन ठिकाणी मोडला. अँब्युलन्समधून विनायकनं मास्ट्रिख्टला फोन केला. तिथल्या बाई फार हळहळल्या, काळजी घ्या म्हणाल्या. दुसरे उमेदवार वेळेवर आलेत, म्हणाल्या, ते जवळच राहतात, सायकलनं आले. संध्याकाळी मृदुला हॉस्पिटलात आली. विनायकनं बटणाचं सगळं सांगितलं, कुंकवाचंही. तिनं शांतपणे ऐकलं. मग म्हणाली, "बाबांनी निदान गाडी चालू करून दिली. तू काय केलंस?"

आणि तिनं बाबांचं परतीचं तिकीट पुढे ढकललं. व्हिसा होताच शिल्लक. ती ऑफिसला गेल्यावर विनायकला बघायला कोणी नको का घरात? आता तो दिवसभर सोफ्यावर असतो, पाय उशीवर, आणि बाथरूमला जायचं तरी बाबांना हाक मारावी लागते. म्हातारा येतो, कमरेवर हात ठेवून उभा राहतो आणि आधी विचारतो, "नक्की लागलीय का? नीट तपासलंत?"

आणि विनायक म्हणतो, "तपासलंय, बाबा."