पाणी न संपणारा तांब्या
माझ्या जादूच्या प्रयोगातला तो पाणी न संपणारा तांब्या आठवतोय ना, कितीदाही ओतून रिकामा केला तरी पुन्हा पाणी येणारा? घरोघरी केबल आली आणि ती जादू कुणी बघेना. मग मी नवी शक्कल काढली, तांब्या प्रेक्षकांनीच ओतायचा. नेसरीत पहिल्याच प्रयोगाला एक आजी पुढं आल्या. पहिल्यांदा ओतला तेव्हा पाणी आलं, दुसऱ्यांदा थेंबही पडेना. तांब्याच्या अंगाला एक बारीक चोरभोक असतं, ते उघडं राहिलं तरच आतल्या चोरकप्प्यातलं पाणी उतरतं, आणि त्यावरच आजींचा अंगठा होता. लोक हसायला लागले. आजींनी तांब्या चाचपला, अंगठा सरकवला आणि पुन्हा ओतला, तर ही धार! टाळ्या पडल्या. तांब्या परत देताना आजी माझ्या कानात म्हणाल्या, "पावणं, तांब्याला भोक पडलंय. मी न्हाय कुणाला सांगत, पण डाग देऊन बुजवून घ्या की."