आशा ‘नाही’ म्हणाली

सन्माननीय अध्यक्षा, आपल्या नर्सिंग शाळेच्या प्राचार्या मनीषाताई, व्यासपीठावरचे मान्यवर पाहुणे, हरसूलहून सकाळच्या एसटीने आलेले आशाचे आईवडील सोमादादा आणि अक्काबाई, माझ्या सगळ्या सिस्टर्स, आणि मागच्या रांगेत एकमेकींना कोपराने ढोसणाऱ्या पहिल्या वर्षाच्या मुलींनो,

मी, प्रतिभा, या रुग्णालयात तेहतीस वर्षं होते, त्यातली अकरा मेट्रन म्हणून. निवृत्त होऊन दोन वर्षं झाली, तरी मला पाहून अजून तुमची खुसखुस थांबते. बरं वाटतं हो!

आज आपल्या आशाचा सत्कार आहे. जर्मनीत सहा महिने राहून तिने तिथल्या भाषेचा कोर्स केला, परीक्षा पास झाली, आणि पुढच्या महिन्यात तिथल्या रुग्णालयात सिस्टर म्हणून रुजू होणार आहे. आपल्या शाळेतून तिकडे जाणारी ही पहिली मुलगी. वाजवा की टाळ्या, हात झिजत नाहीत!

तो कोर्स म्हणजे गंमत नव्हती. रोज पाच तास वर्ग, वर तीन तास गृहपाठ. भांडी घासतानासुद्धा पाठ व्हावेत म्हणून ही बाई नळावर शब्दांच्या चिठ्ठ्या चिकटवायची. वाचन, लेखन, ऐकणं, तिन्ही विषय पहिल्या फटक्यात सुटले. आणि बोलण्यात नापास झाली.

का? तर त्या तोंडी परीक्षेत दोघा उमेदवारांना समोरासमोर बसवतात आणि एका विषयावर वाद घालायला लावतात. आशाच्या वाट्याला आले एक पन्नाशीचे गृहस्थ. विषय होता, पेशंटला भेटायला नातेवाइकांना कधीही येऊ द्यावं का. ते म्हणाले, द्यावं. आशा म्हणाली, बरोबर आहे तुमचं. ते आणखी काही बोलले. हिचं पुन्हा, बरोबर आहे तुमचं! अहो, वॉर्डात भेटीची वेळ संपली की नातेवाइकांना बाहेर काढणारी ही मुलगी! पण समोर वडीलधारा माणूस, त्यांना चूक कसं म्हणायचं? परीक्षकांनी लिहिलं, उमेदवार नम्र आहे, पण तिचं मत काय ते कळलं नाही.

तिकडच्या रुग्णालयाने सहा आठवड्यांनी एक शेवटची संधी दिली. तीही हुकली असती तर नोकरी गेली आणि आशा परत. अक्काबाईंना हे फोनवर मीच सांगितलं. त्या म्हणाल्या, “बोलण्यात नापास? बाई, माझी पोर लय बोलायची. तुमच्याकडं शिकाया आली न् गप झाली.”

अक्काबाई, तुम्ही रागाने बोलला नव्हता, ठाऊक आहे मला. पण मला झोंबलं. कारण आशा पहिल्या वर्षाला असताना एका सकाळी राउंडला सगळ्यांसमोर म्हणाली होती, “मॅडम, सात नंबरच्या आजोबांना शुगर आहे, त्यांच्या ताटात शिरा आलाय.” मी काय म्हणाले? “तुला विचारलं का कोणी?” शिरा मी गुपचूप परत पाठवला. पण ती बरोबर होती, हे मी तिला कधी सांगितलं नाही. आज सांगते. आशा, तू बरोबर होतीस.

मग मी ठरवलं, आपणच गप्प केलं, आपणच बोलतं करायचं. तिची जेवणाची सुट्टी म्हणजे आपले दुपारचे साडेतीन. रोज फोन लावायचा आणि मराठीतच भांडायचं. मी म्हणायचे, नागलीच्या भाकरीपेक्षा पाव बरा. ही म्हणायची, “हो मॅडम.” अगं, नागलीवर वाढलेली पोर तू! हो मॅडम काय?

दोन आठवडे हेच. शेवटी मीच घाबरले. भांडण राहिलं बाजूला, अगदी मनापासून म्हणाले, “आशा, पुरे झालं गं. ये परत. वॉर्डात तुझी जागा ठेवायला सांगितलंय मी.”

पलीकडून आवाज आला, “नाही मॅडम. तुमचं चुकतंय. तुम्ही मला न विचारता जागा मागितलीत. मी अजून हरलेली नाही.”

मला राग आला. खोटं कशाला बोलू? फोन आपटला मी. चहा टाकला, तो उतू गेला. ओटा पुसता पुसता एकदम डोक्यात लख्ख झालं. अगंबाई, बोलली की पोरगी! आणि मी एकटीच स्वयंपाकघरात हसायला लागले, डोळे पुसायला लागले.

दुसऱ्या दिवशी तिला म्हटलं, कालचं तेच आता जर्मनमध्ये बोल. बोलली! परीक्षेत समोर पुन्हा एक वयस्कर बाई होत्या. आशाने त्यांना हसून, पण ठामपणे सांगितलं की मला तुमचं पटत नाही. पास झाली हो! मला पोरगी नाही, पण त्या दिवशी अख्ख्या कॉलनीला पेढे वाटले मी.

मुलींनो, तुमच्या वर्गाच्या भिंतीवर नियमांचा तक्ता आहे. त्यातला चौथा नियम, ‘वरिष्ठांना उलट बोलू नये’, माझ्या हातचा आहे. मनीषाताईंच्या परवानगीने आज सकाळी मी तो खोडून आले.

मला इथे बोलावल्याबद्दल संस्थेचे आभार, हॉल सजवणाऱ्या सुलाबाई आणि माईक सांभाळणारा दीपक यांचे आभार, आणि पोरगी आमच्या स्वाधीन करणाऱ्या सोमादादा-अक्काबाईंचे हात जोडून आभार. बोलण्यात काही उणं-अधिक झालं असेल, तर आजवर मी पदरात घ्या म्हणत आले. आज तसं म्हणत नाही. चुकलं असेल तर इथेच, माझ्या तोंडावर सांगा.

कोण गं ते हात वर करतंय? पहिल्या वर्षाची ना तू? उभी राहा, घाबरू नकोस. दीपक, माईक दे तिला.