रामाकोन्याच्या भिंतीवरचा तिसरा शब्द

पोलीस ठाणे सौसर, दिनांक १७ फेब्रुवारी १९८४, सकाळी साडेदहा.

नाव मोरेश्वर नत्थूजी डिगरसे, वय ३६ वर्षे, धंदा भिंती रंगवणे, राहणार पांढुर्णा.

मी समक्ष हजर होऊन सांगतो की, मला कोणी बोलावले नाही, मीच आलो. मुंशीजी हिंदीत लिहीत होते. मी हात जोडून मराठीत लिहायला लावले. हिंदीत लिहिले तर माझी चूक दिसतच नाही.

मी अकरा वर्षे पांढुर्णा ते सौसर बिडीच्या जाहिराती रंगवल्या. सन १९८१ मध्ये रामाकोना येथे गुणवंता कामडी याच्या घराच्या भिंतीवर बिडीचा बंडल काढत होतो. त्याची बायको विजयमाला जवळच गोवऱ्या थापून राहिली होती. काय लिहिता म्हणून तिने विचारले, मी सांगितले. ती म्हणाली, "भीत आमची, अन् आमालेच वाचता येत नाही. मंग कायच्या कामाचं?" मला लाज वाटली. तेव्हापासून बिडीचे काम सोडले. हुंडा, दारू, हगवणीचे मीठ-साखर पाणी, अशी चित्रे गावोगाव काढू लागलो. लोक समाजसेवक पेंटर म्हणू लागले. मलाही ते गोड लागले.

गेल्या दिवाळीनंतर रामाकोन्यात बायांचा प्रौढ वर्ग निघाला. विजयमाला पहिल्या दिवसापासून जात होती. गुणवंताला ते खपत नव्हते, पण गावासमोर तो बोलत नव्हता. या महिन्यात मी त्याच भिंतीवर वर्गाचे चित्र काढले. पाटी घेतलेली बाई, चेहरा विजयमालाचा. मला मनाने चेहरा काढता येत नाही. खालचे वाक्य सरकारी कागदावर हिंदीत आले होते, 'घर की नारी को शिक्षा दो'. मी मराठी केले, 'घरच्या बाईला शिक्षा द्या'. बाकीचे शब्द बदलले, शिक्षा तसाच ठेवला. आमच्याकडे मध्य प्रदेशात कचेऱ्यांच्या हिंदी बोर्डावर शिकण्याला शिक्षाच लिहितात, नजर मेलेली होती.

मंगळवारी १४ तारखेला शेवटचा हात मारत होतो. विजयमाला आली आणि बोट ठेवून एक एक अक्षर वाचू लागली. कोणी न सांगता तिने वाचलेले ते पहिले वाक्य. वाचून म्हणाली, "भाऊ, मले शिक्षा काहून? मी काय केलं?"

मला तेव्हाच समजले होते. हे मी मुद्दाम लिहून घ्यायला सांगतो. पण शनिवारी शिक्षण खात्याचे साहेब चित्र पाहायला येणार होते, अक्षरांना पिवळी किनार देऊन झाली होती, आणि तिने माझी चूक काढावी हे मला झोंबले. मी म्हणालो, "तो हिंदीतला शब्द हाय. पाटी धरून तीन महिने नाही झाले, तं मले शिकवून रायली का?" ती हसली, माहंच चुकलं म्हणाली. मी रंगाचा डबा झाकून बस धरली. तो शब्द पुसायला पाव घंटाही लागला नसता.

गुरुवारी संध्याकाळी ती वर्गाला निघाली असता गुणवंताने तिला त्याच भिंतीशी कुऱ्हाडीच्या दांड्याने मारले. उजवा हात दोन ठिकाणी मोडला. शेजारच्या रजनीबाई सांगतात, लोक जमले तेव्हा तो भिंतीकडे बोट दाखवून म्हणाला, "मी का चुकीचं करून रायलो? सरकारनंच लिहून देल्लं." काही लोक हसले. कोणी मधे पडले नाही.

तो आधीही मारत होता, तुम्ही मनाला लावून घेऊ नका, असे रजनीबाई म्हणाल्या. असेल. पण आधी लोक तिला सोडवत होते.

आज सकाळी दवाखान्यात गेलो. प्लास्टर ओलेच होते. विजयमालाने एवढेच विचारले, "भाऊ, मंग माहं वाचणं बरोबर होतं न?" मला तिथे हो म्हणवले नाही. म्हणून इथे लिहून देतो की, तिचे वाचणे बरोबर होते.

भिंत अजून तशीच आहे. पंचनामा होईपर्यंत हात लावायचा नाही असे मला सांगितले आहे.

हा जबाब मुंशीजींनी मला मोठ्याने वाचून दाखवला. मी सांगितला तसाच उतरला आहे. यातला एकही शब्द बदलायचा नाही.

सही, मोरेश्वर डिगरसे